उकंडा मिस्त्रीनं सोडलेली वीतभर जागा

माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या त्या एक फट बुजवली म्हणून. पुढे मी मुख्याध्यापक झालो, तालुक्याला सत्कार झाला, शाल मिळाली, हार मिळाला. पण एकोणसाठ सालच्या त्या टाळ्यांची सर कशालाच आली नाही. आज त्या आठवल्या की तोंड कुठं लपवावं ते कळत नाही. लोक म्हणतात, गुरुजी, तुम्ही आठवणी लिहा. लिहितो. पण माझ्या नाही, उकंडा मिस्त्रीच्या. त्यात माझ्या जेवढ्या येतील तेवढ्या लाजेच्याच असतील, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव कळंबपासून तीन कोसांवर. काळी माती, कापूस, तूर. गाव आणि आमची वस्ती यांच्या मधून रस्ता जातो आणि त्या रस्त्याला लागून सदाशिवरावांचं कापसाचं गोदाम होतं. दगडमातीचं, चांगलं अडीच पुरुष उंच, वर टिनं. सदाशिवराव म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. दिवाळीनंतर होळीपर्यंत त्या गोदामात कापूस भरायचं काम चाले आणि भरणारी माणसं आमचीच. कापूस पायांनी तुडवून तुडवून गच्च बसवायचा. पण दम खायला बाहेर बसायचं तर भिंतीला पाठ टेकवायची नाही, वीतभर सुटून बसायचं, असा तिथला रिवाज. आतल्या कापसाला आमचे पाय चालायचे, बाहेरच्या भिंतीला आमची पाठ चालायची नाही. माझा बाप त्या भिंतीसमोर आयुष्यभर पाठ अधांतरी ठेवून बसला. हे लक्षात असू द्या, नाही तर पुढे आम्ही जे केलं ते नुसतं वेडेपणाचं वाटेल. वेडेपणा होताच, पण नुसता नव्हता.

उकंडा मिस्त्री माझे मामा. सख्खे नव्हेत, पण बाप गेल्यावर मी कळंबला शिकायला होतो तेव्हा सुट्टीत गावी आलो की त्यांच्याच घरी जेवायचो, त्यामुळे मामा आणि तुळसामामी. मामांच्या आधीची दोन भावंडं दगावली म्हणून आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवून उकंडा नाव ठेवलं होतं. माणूस सडपातळ, डावखुरा, बोलणं मोजकं. भिंत बांधताना ओळंबा सोडून एक डोळा मिटून असे बघत राहायचे की आपण शेजारी उभं राहून खोकलो तरी त्यांना ऐकू जात नसे. एकोणचाळीस साली सदाशिवरावांच्या गोठ्यात बैल मेला, तो ओढायला गावातून पहिला नकार कुणी दिला असेल तर उकंडामामांनी. त्यापायी मार खाल्ला, पण बैल ओढला नाही. मग लढाईच्या दिवसांत मजूर भरती निघाली, तिच्यातून ते आसामात गेले. तिथं रस्ते केले, पुढे रेल्वेच्या ठेकेदाराकडे गवंडीकाम शिकले, आणि एक्कावन्न साली परत आले. छप्पन साली नागपूरला दीक्षा घ्यायला वस्तीतली जी पहिली बैलगाडी निघाली तिच्यात मामा होते, मामी होती आणि जागा नसताना घुसलेला मी होतो. असा हा माणूस. याला मी भित्रा म्हटलं.

अठ्ठावन्न साली ग्रामपंचायतीनं आम्हाला विहारासाठी जागा दिली. जागा नेमकी गोदामाला लागून. सदाशिवराव कुरकुरले, पण जागा त्यांची नव्हती, पंचायतीची होती. वस्तीत आनंदाला तोटा नव्हता. पोरांनी विटा वाहिल्या, बायांनी पाणी भरलं, बळीराम पाटलांनी, म्हणजे आमच्या वस्तीच्या कारभाऱ्यांनी, आपल्या शेतातली दोन सागाची झाडं दिली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, मॅट्रिक होऊन शाळेत मास्तर लागलो होतो, वस्तीतला पहिला शिकलेला. माझे पाय जमिनीवर नव्हते. विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी मी, आणि बांधणारा मिस्त्री अर्थातच उकंडामामा.

डिसेंबरात एका सकाळी मामांनी दोरी ताणून चुन्याची फक्की टाकली. मी शाळेत होतो. संध्याकाळी येऊन पाहिलं तर आखणी झकास, चारी कोपरे काटकोनात. विहार ठेंगणाच व्हायचा होता. त्याची भिंत आणि गोदामाची भिंत यांच्या मधे वीतभर जागा सुटली होती, तीही मला दिसली. पण माझ्या डोक्यात काही आलं नाही. डोक्यात घातलं ते सदाशिवरावांनी.

पुढल्या बाजाराच्या दिवशी मी कळंबला कापडाच्या दुकानात बसलो होतो. पडद्यापलीकडे सदाशिवराव चार शेतकऱ्यांमधे बसून बोलत होते. मी तिथं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, "बाकीचे माजले, पन उकंडा अजूनबी पायरी वळखते. माह्या भिंतीपासून वीतभर सुटूनच बांधून राह्यला." सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कापड तसंच टाकून मी उठलो आणि तीन कोस पायी गावाकडे निघालो. चालताना डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, बापाची ती अधांतरी पाठ. वीतभर. तेवढंच अंतर, तीच भिंत. माणसं मोकळी झाली आणि आता आमचा विहार सुटून बसणार.

मामांना एकट्यात गाठून विचारायचं, हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण मला ते चारचौघांत करायचं होतं. रविवारी सकाळी मी त्याच जागेवर सभा बोलावली. सदाशिवराव काय बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. लोक तापले. बळीराम पाटलांनी मामांना विचारलं, उकंडा, तू ही जागा काहून सोडली? मामा हातातली दोरी गुंडाळत होते. त्यांनी ती पूर्ण गुंडाळली, खाली ठेवली आणि मग बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"आसामात मी पन्नास सालचा भूकंप पाह्यला. रेल्वेचे दोन गोदाम होते, एक उंच, एक ठेंगणं, भिंतीले भिंत लागून. जमीन हालली का उंच घर दमानं डुलते अन् ठेंगणं लवकर लवकर डुलते. दोघाची चाल वेगळी. मंग ते एकमेकाले धडका मारते. ठेंगण्याचं छप्पर उंच भिंतीत मधोमध घुसलं. सुटे असते तं दोघंबी राह्यले असते. त्या भिंतीखाली माहा जोडीदार होता."

मागून एक जण हसला. भूकंप हा शब्दच आमच्याकडे पेपरातला. उन्हाळ्यात काळ्या मातीला हातभर भेगा पडतात तेवढीच आमच्या जमिनीची हालचाल. एकाचं पाहून दुसरा हसला. लोक माझ्याकडे बघायला लागले, आणि मला वाटलं आता आपण बोललं पाहिजे.

मी म्हणालो, "मामा, भूकंप आसामात होते. इथं जमीन हालत नाही. गोदामवाल्याच्या पुढं तुमचे पायच हालले."

टाळ्या पडल्या. तुळसामामी बायकांमधे पुढेच बसली होती. सगळ्या बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या. तिनं पदर पुढे ओढला आणि सभा संपेपर्यंत तशीच बसून राहिली. ज्या माउलीनं मला स्वतःच्या ताटातली भाकर दिली तिची मान मी खाली घातली, आणि मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

सभेनं ठरवलं, भिंतीला भिंत लावून बांधायचं. मामा म्हणाले, "जोडून मी बांधत नाही. दुसरा पाहा." थापी, ओळंबा, दोरी त्यांनी पाटीत टाकली आणि पाटी डोक्यावर घेऊन घराकडे गेले. मामी त्यांच्या मागून गेली. बाहेरगावचा एक मिस्त्री आणून आम्ही काम पुढे नेलं. पण आमचं लक्ष जाईपर्यंत त्यानं पाया मामांच्या आखणीवरच खणून ठेवला आणि फट राहिलीच. मग आम्ही ती दगडमातीनं ठासून भरली. पहिला दगड मी घातला. वर चुन्याचा गिलावा केला, आणि एकोणसाठच्या बुद्धपौर्णिमेला विहार उघडला तेव्हा मी भाषणात म्हणालो की आज आमची भिंत त्यांच्या भिंतीला पाठ टेकून उभी आहे. म्हातारी माणसं रडली. ते रडणं खोटं नव्हतं, मी आजही त्याला हसणार नाही. पण ते मामांच्या मानेवर पाय देऊन मिळवलं होतं.

या भाषणानं माझं नाव झालं. फट बुजवणारे गुरुजी, असं लोक म्हणू लागले. महागावपर्यंत मला बोलावणी आली. तिथल्याच एका सभेत सत्यशीलेच्या वडिलांनी मला ऐकलं आणि असा जावई पाहिजे म्हणून साठ साली मुलगी दिली. म्हणजे माझा संसारसुद्धा त्या फटीवर उभा राहिला, असं म्हणायला हरकत नाही.

इकडे मामांना गावात काम मिळेना. पोरं त्यांना फटवाला मिस्त्री म्हणत. मामीचं त्याहून वाईट. विहिरीवर मामी आली की बायका एकमेकींना म्हणत, वीतभर सरका गं, यांना अंतर लागतं. मामीची बादली चुकून त्यांच्या दोराला लागली की हसत. ज्यांच्या आयांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं त्याच ह्या बाया, आणि त्या आपल्यातल्याच एकीला वीतभर लांब ठेवून मजा करत होत्या. मी एकदा तिथून जात होतो, मला ते ऐकू आलं. मी हसलो. मामीनं मला हसताना पाहिलं की नाही ते मला माहीत नाही. पाहिलं नसावं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो.

बासष्ट साली शाळेला नवी खोली मंजूर झाली. जिल्हा परिषद नुकतीच आली होती. कामावर एक तरुण ओव्हरसियर आला, अमरावतीकडचा, नुकताच परीक्षा पास झालेला. जुनी खोली उंच, नवी ठेंगणी. मी रोज मधल्या सुट्टीत काम बघायला उभा राहायचो. एक दिवस बघतो तर नव्या भिंतीची आखणी जुन्या भिंतीपासून सुटून. मला हसू आलं. मी म्हणालो, साहेब, आमच्या गावात तुमचाच एक भाऊबंद आहे, आणि मग ती सगळी कथा त्याला रंगवून सांगितली. सांगायची सवयच झाली होती. कुठं थांबायचं, कुठं लोक हसतात, सगळं मला पाठ होतं. तो हसला नाही.

तो म्हणाला, "गुरुजी, तो मिस्त्री बरोबर होता. दोन इमारती वेगळ्या उंचीच्या असल्या की त्या वेगवेगळ्या हलतात. एक तर पुरतं अंतर ठेवायचं, नाही तर दोन्ही मिळून एकच इमारत बांधायची. मधे नुसते दगड ठासणं म्हणजे धक्का इकडून तिकडे पोचवायची सोय. आमच्या पुस्तकात आहे हे. ती फट उकरून मोकळी करा."

मी म्हटलं, आपल्याकडे भूकंप कुठे होतो? तो म्हणाला, होणार नाही असं कुणी लिहून दिलं आहे का? मग त्यानं त्या मिस्त्रीचं नाव विचारलं. मी सांगितलं. मग तो मजुरांकडे गेला.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. सत्यशीलेनं विचारलं, काहून जेवत नाही? मी म्हणालो, पोट ठीक नाही. तेव्हा मला दोन रस्ते होते. रविवारी विहारात उभं राहून सांगायचं की मिस्त्री खरं बोलत होते, मी चुकलो, चला, फट मोकळी करू. किंवा गप्प बसायचं. रविवार आला. मी वंदना घेतली, उभा राहिलो, तोंड उघडलं आणि पोरांना शाळेत नियमित पाठवा असं काहीतरी बोलून खाली बसलो. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी शेजारच्या गावाहून पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर कसं सांगायचं? मग पेरण्या आल्या, मग परीक्षा आल्या. न सांगायला कारण लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. पहिले चार आठवडे काय ते जड जातात.

माझी मनाची समजूत घालायला एक गोष्ट आपोआप घडली. महिन्याभरात मामांना यवतमाळच्या बाजूला, लोहाऱ्याकडे, सरकारी बांधकामावर काम लागलं. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे, शनिवारी यायचे. मी स्वतःला म्हटलं, बरं झालं, माणसाचं भलं झालं, आता जुनं उकरून काय फायदा? मामांचं भलं झालं म्हणून मला जो आनंद झाला तो किती मामांसाठी होता आणि किती माझ्यासाठी, हे मी तेव्हाच ओळखून होतो. रस्त्यात भेटले की मी नमस्कार करायचो. ते मान हलवायचे आणि जरा थांबायचे. मीच घाईत असल्यासारखा पुढे निघायचो. ते थांबणं मला त्या वेळी म्हातारपणाचं वाटलं.

पासष्ट साली भादव्यात तुळसामामी काविळीनं गेली. मातीला आठ माणसं होती. वस्तीत ऐंशी घरं, आणि माणसं आठ. बायका तर जवळजवळ नव्हत्याच. सेक्रेटरी म्हणून वंदना मला घ्यावी लागली आणि नंतर दोन शब्दही बोलावे लागले. मी म्हणालो, मामी कष्टाळू होती, मायाळू होती. सगळं खरं बोललो. फक्त जे बोलायला पाहिजे होतं ते बोललो नाही. मामा समोर उभे होते. माझं बोलणं संपल्यावरही ते माझ्याकडे बघत राहिले, अजून काही यायचं असल्यासारखे. मी खाली वाकून माती उचलली आणि टाकली.

सदुसष्टच्या डिसेंबरात, अकरा तारखेला, पहाटे माझ्या घरच्या फळीवरचे पितळी गिलास किणकिणले. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. एवढंच. आमच्या गावात कुणाचं कौलही हललं नाही, आणि अर्ध्या लोकांना तर सकाळी सांगितल्यावरच कळलं. पण दुसऱ्या दिवशी एसटीनं पेपर आला. विहाराच्या पायरीवर बसून पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझं. कोयनानगरला भूकंप झाला, घरं कोसळली, माणसं झोपेत गेली, असं मी वाचत होतो. मधेच बळीराम पाटलांनी मान वळवून विहाराच्या भिंतीकडे पाहिलं. तिच्यापलीकडे गोदामाची अडीच पुरुष भिंत उभी होती आणि मधे आमचे ठासलेले दगड होते. आत पोरं अभ्यासाला बसलेली होती. पाटील हळूच म्हणाले की उकंडा हेच सांगत होता. मी पुढची ओळ वाचली.

लोकांनी वेळ लावला नाही. मामा शनिवारी घरी आले की सगळ्यांनी मिळून जायचं, असं ठरलं. वीस-पंचवीस माणसं गेलो. बळीराम पाटलांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, उकंडा, आमचं चुकलं, आम्हाला अक्कल नव्हती, आम्हाला काय माहीत. मामांनी त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं. म्हणाले, तुम्हाला कुठून माहीत असणार, तुम्ही थोडंच पाहिलं होतं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी स्वतः चुलीवर चहा ठेवला. मग एकेक जण म्हणत गेला, आम्हाला काय माहीत, आम्हाला काय माहीत. माझी पाळी आली. सगळे माझ्याकडे बघत होते, नऊ वर्षांपूर्वी बघत होते तसेच.

मी म्हणालो, "आमाले काय माहीत होतं, मामा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कपात चहा ओतला, काठोकाठ, आणि कप माझ्या हातात दिला. मी तो पिलो. कसा पिलो ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी तरुण पोरं पहारी घेऊन फट उकरायला लागली होती. मी तिकडे गेलो नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. सत्यशीलेला पहाटे सगळं सांगितलं. ती ऐकून घेत बसली आणि एवढंच म्हणाली की मला काय सांगता, तिकडे जा. दुपारी मी मामांच्या घरी गेलो. ते अंगणात बसून जुने वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी समोर बसलो आणि बसल्याबरोबर बोललो, कारण जरा थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो.

"मामा, मी काल खोटं बोललो. मले बासष्टपासून माहीत होतं. शाळेवरच्या सायबानं सांगतलं होतं."

त्यांचा हात थांबला नाही. खिळा फिरवून त्यांनी दुसऱ्या बाजूनं ठोकला.

"मले ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात सायब घरी आलता. म्हने, मिस्त्री, तुमचंच बरोबर, मी तुमच्या मास्तरले सांगतलं. त्यानंच मले लोहाऱ्याले कामावर नेलं."

म्हणजे पाच वर्षं मी ज्या माणसाला रस्त्यात नमस्कार करून घाईनं पुढे जात होतो, त्याला माझ्या पोटातलं सगळं माहीत होतं. तो थांबत होता ते म्हातारपणानं नाही. मातीवर माझ्याकडे बघत उभा होता तोही उगाच नाही. काल त्यानं माझं खोटं बोलणं ऐकलं आणि मला चहा पाजला. मी विचारलं, "मंग तुमी काहून नाही बोलले, मामा? चारचौघांत माहं तोंड काळं काहून नाही केलं?"

"मी बोललो असतो तं कोन मानलं असतं? घरात मानलं नाही." मामांनी सरळ झालेला खिळा डब्यात टाकला. "सायब गेला त्या दिवशी मी तुळसाले सांगतलं, पाह्य, सायब असा म्हने. तुळसा म्हने, तुमी मले बरं वाटाव म्हून सांगता. गुरुजी येऊन सांगतीन तवा मी मानीन. तुह्यावर लय भरोसा होता तिचा. शिकेल पोरगा हाय, माह्या हातचं जेवलेला हाय, समजलं का येईनच, म्हने. दर आइतवारी अंगन सारवून ठेवे. तीन वर्सं."

दर रविवारी विहारात जायचा माझा रस्ता त्याच अंगणावरून होता. त्या तीन वर्षांत मी एकदाही त्या अंगणाकडे पाहिलं नव्हतं. पाहायचं टाळत होतो, असं म्हणा. मी मामांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही, कुणी उगाच पाया पडायला लागलं की आपण घेतो तसे. मी म्हणालो की मामा, मी आत्ता विहारात जातो, सगळ्यांसमोर उभं राहून सांगतो, मला माफ करा.

"सांग ना," मामा म्हणाले. "पोरायले सांग, बरं होईन. पन मले कायले सांगतं? मले तं ठाऊकच होतं. तुळसाले सांगाचं होतं."